सात वाजून दोन मिनिटांचं पाणी

अकरा वर्षांनी माझ्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब पडला, तो कॅमेऱ्यानं पकडला आणि 'अज्ञात डाग' अशी लाल खूण करून मलाच दाखवला. मी भूपाल मगदूम, कापड तपासनीस. इचलकरंजीत तीस वर्षं हेच करतोय. पूर्वी टेबलावरून सरकणारं कापड आम्ही डोळ्यांनीच बघायचो. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की रंगीत खडूनं खूण करायची. आता कॅमेरा मिनिटाला शंभर मीटर बघतो, आणि त्याला ज्याची शंका येते तेवढंच माझ्यापुढं येतं. म्हणजे मशीनला कळत नाही ते मला कळावं म्हणून मला पगार. आणि त्या दिवशी मशीननं विचारलं, हा डाग कसला, तर मला सांगता येईना.

डोळ्यावर पाणी असतं हेच मला डोळे सुकेपर्यंत माहीत नव्हतं. मिरजेच्या कुडचीकर डॉक्टरबाईंनी समजावलं तेव्हा कळलं. बाहुलीवर पाण्याचे तीन थर असतात. सगळ्यात आत चिकट थर, तो पाण्याला धरून ठेवतो. मधे पाणी. वर तेलाचा पातळ पापुद्रा, म्हणजे पाणी उडून जाऊ नये. पापणी मिटली की तिन्ही थर नव्यानं पसरतात. आम्ही तपासनीस लोक कापडाकडं टक लावून बसतो, पापणी मिटायची विसरतो, वर कापसाची धूळ, त्यामुळं डोळे चुरचुरणं आमच्यात नवीन नाही. पण माझं दुखणं पुढचं निघालं. माझ्याच अंगातली प्रतिकारशक्ती माझ्याच अश्रूंच्या ग्रंथीवर उलटली होती, आणि मधला थरच आटला होता. घरचंच माणूस घरावर दगड मारायला लागलं तर तक्रार कुणाकडं करायची?

मग सुरू झालं सगळं. गरम कपड्याचा शेक, पापण्या दाबून तेल मोकळं करणं, अश्रू वाहून जायच्या भोकात बारीक बुचं, दर तीन तासांनी थेंब, स्वतःच्या रक्तातून काढलेल्या पाण्याचेही थेंब. तरी दोनदा उजव्या डोळ्यात जखम झाली. डोळ्यात वाळू घालून वर पापणी घासावी तसं दुखायचं ते. आणि माझी एक अडचण अशी की बाटली डोळ्याजवळ आली की माझी पापणी गच्च मिटते. साधे थेंब मी कसेबसे घालायचो, निम्मे गालावर जायचे. पण संध्याकाळचं जाड जेल नीट पडायलाच हवं होतं. ते माझी बायको, त्रिशला, घालायची.

आम्ही जैन. दिवस बुडायच्या आत जेवतो. माझी नेहमी दुसरी पाळी, तीन ते अकरा. त्यामुळं त्रिशला रोज डबा घेऊन मिलच्या गेटवर यायची. वॉचमन कल्लाप्पाच्या खुर्चीवर बसून मी जेवायचो, मग मान मागं टाकायची, ती दोन्ही डोळ्यांत जेल घालायची, डबा आवरायची आणि जायची. अकरा वर्षं. त्या वेळेत आम्ही काही प्रेमाचं बोलायचो असं कुणी समजू नये. आमटीत मीठ कमी आहे, गॅसवाला आला नाही, तुझा भाऊ असं का वागतो, असलंच सगळं चालायचं. घरी तर आम्ही भांडायलासुद्धा कंटाळायचो.

मग या जूनमध्ये दाणा बसवला.

दाणा म्हणजे तांदळाएवढं यंत्र. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, ग्रंथीकडं जाणाऱ्या मज्जातंतूवर ते बसवतात. चष्म्याच्या काडीतून त्याला चार्जिंग मिळतं. मेंदू 'पाणी सोड' असा निरोप पाठवतच असतो, पण माझी ग्रंथी अर्धमेली, तिला तो ऐकू जात नाही. दाणा तो निरोप ऐकतो आणि तिला मोठ्यानं सांगतो, बस्स. आता निरोपाच्या वाटा दोन. डोळ्याला कोरडं वाटलं, धूळ गेली, कांदा चिरला, तर निरोप डोळ्याकडूनच निघतो आणि मेंदूला शिवून परत येतो. दुसरी वाट मेंदूच्या आतल्या भागातून येते, जिथं दुःख, माया, राग असला सगळा पसारा असतो. दोन्ही निरोपांची लय वेगळी असते आणि दाण्याला ती ओळखू येते. दवाखान्यात सगळे एकाला खालचं पाणी म्हणायचे, दुसऱ्याला वरचं. मोबाईलवर त्याचा आलेख दिसायचा, खालचं निळं, वरचं पिवळं. त्रिशलाच्या मोबाईलवरही दिसायचा, कारण फॉर्मवर 'काळजी घेणारी व्यक्ती' या रकान्यात तिचं नाव होतं.

पहिले पंधरा दिवस मी हवेत होतो. थेंब नाहीत, शेक नाही, डोळे ओले. त्रिशलाला मी म्हटलं, आता तू गेटवर यायची गरज नाही. डबा मी बरोबर घेऊन जातो आणि पाचच्या सुट्टीत खातो, दिवस बुडायच्या कितीतरी आधी. ती बरं म्हणाली.

जुलैच्या सुरुवातीला तो डाग पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. सात वाजून दोन मिनिटांनी दोन्ही डोळे भरून यायचे, चारपाच मिनिटं वाहायचे आणि थांबायचे. कोऱ्या कापडाला कांजी असते, त्यावर थेंब पडला की कडा उमटते. सुपरवायझर बंडू तोडकर हसून म्हणाला, मगदूम मामा, कापड भिजवून द्यायचं आपल्यात ठरलेलं नाही. मोबाईल उघडून बघतो तर रेघ पिवळी. वरचं पाणी. मी बसलोय खिडकी नसलेल्या खोलीत, ट्यूबलाइटखाली, पुढं चादरीचं कापड. मला काडीचं दुःख नाही. आनंदही नाही. मग हे रडतंय कोण?

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कापडात एकच दोष ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा आला, तर आम्ही दोषाकडं बघत बसत नाही. टेप लावून अंतर मोजतो. साठ सेंटिमीटरनं येत असेल, तर ज्या रुळाचा घेर साठ आहे त्या रुळाला काहीतरी चिकटलंय. तिथं जायचं, रूळ साफ करायचा, विषय संपला. मला वाटलं, हेही तसंच. रोज सातला दोन मिनिटं म्हणजे सातला मिलमध्ये जे फिरतं ते शोधायचं. शोधलं. सातला मोठा कॉम्प्रेसर सुरू व्हायचा. त्याच्या थरथरीनं दाणा फसत असणार. मी बंडूच्या इतका मागं लागलो की त्यानं वैतागून कॉम्प्रेसर साडेसातवर नेला. दुसऱ्या दिवशी सात वाजून दोन मिनिटांनी मी पुन्हा रडत होतो आणि बंडू दारात हाताची घडी घालून बघत होता.

ऑगस्टमध्ये आणखी घोळ झाला. पाणी सरकायला लागलं. सहा अठ्ठावन्न, मग सहा पंचावन्न, पंधरा तारखेच्या सुमाराला सहा बावन्न. सरकायचं तेही धड नाही, एखाद्या दिवशी तीन मिनिटं पुढं, एखाद्या दिवशी मागं. अंतर बदलत जाणारा दोष मी तीस वर्षांत बघितला नव्हता. रूळ काय स्वतःहून बारीक होत जातो? मी मिरजेला जाऊन भांडलो, तुमच्या दाण्याचं घड्याळ पुढं पळतंय म्हणून. डॉक्टरबाईंनी सगळं उघडून तपासलं. घड्याळ सेकंदाला पक्कं होतं. मला विचारलं, त्या वेळी मनात काय असतं? मी म्हटलं, चादर.

सप्टेंबरात त्यांनी मला समोर बसवून सरळ सांगितलं. माझी ग्रंथी एकतृतीयांशच जिवंत आहे. वरचं पाणी आलं की ती असेल नसेल ते एकदम सांडते, आणि मग रात्रभर तिच्याकडं द्यायला काही उरत नाही. उजव्या बाहुलीवर पुन्हा ठिपके दिसत होते. आता मधोमध जखम झाली तर त्या डोळ्यानं दिसणं संपलं. दोनच मार्ग होते. एक, कारण शोधून ते मिटवायचं. दुसरा, वरची वाट लेसरनं कायमची जाळून टाकायची. खालचं पाणी राहील, डोळा वाचेल, पण मग कुणी गेलं, कुणी आलं, काहीही झालं तरी मला रडू येणार नाही. जाळलेली वाट परत जोडता येत नाही. दिवाळीपर्यंत ठरवा म्हणाल्या.

घरात तेव्हा वेगळंच चाललं होतं. त्रिशलाच्या मामेबहिणीनं बेळगावात मुलींचं वसतिगृह चालवायला घेतलं होतं आणि तिथलं स्वयंपाकघर सांभाळायला हिला बोलावलं होतं. साठ मुली, हाताखाली चार बायका, राहायला स्वतंत्र खोली. दिवाळीनंतर जायचं, निदान दोन वर्षं. तिनं मला विचारलं तेव्हा मी पेपर वाचत होतो. मी म्हटलं, जा की, मला काय धाड भरलीय. खरंच तसंच वाटलं होतं. निदान तसं वाटलं असं वाटलं होतं. आता माझं मलाच काही सांगता येत नाही.

ऑक्टोबरातला एक रविवार. दुपारी मी कापडाच्या गुंडाळीतला पुठ्ठा घेऊन बसलो होतो. त्यावर जुलैपासूनच्या सगळ्या वेळा मी ओळीनं लिहिल्या होत्या आणि बेरजा-वजाबाक्या करून डोकं पिकलं होतं. त्रिशला तांदूळ निवडत होती. तिनं काय बघताय म्हणून पुठ्ठा ओढून घेतला. मी म्हटलं, तुला काय कळायचं त्यातलं. ती वरून खाली वाचत गेली. सात दोन, सहा बावन्न, सहा एकोणतीस, सहा चौदा. तिचा हात तांदळात तसाच राहिला.

"ह्या वेळा मला पाठ आहेत," ती म्हणाली.

मी म्हटलं, कसल्या?

"दिवस बुडायच्या पाच मिनिटं आधीच्या. जेल घालायच्या."

मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतले सूर्यास्त काढून बघितले. पुठ्ठ्याशेजारी धरले. पाच मिनिटं वजा केली की दोनचार मिनिटांच्या फरकानं सगळे जुळत होते. जून-जुलैत सूर्यास्त जागचा हलत नाही, म्हणून मला ते ठरावीक वाटलं होतं, आणि मी रूळ शोधत बसलो होतो. अकरा वर्षं दिवस बुडायच्या आत जेवायला उठणारा माणूस, त्याला सूर्यास्त ओळखू आला नाही. अंतर मोजायची सवय लागली की माणूस असा गाढव होतो.

मग दुसरी शंका आली. त्या खोलीला खिडकीच नाही. दिवस कधी बुडतो हे मला कसं कळतं? डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मेंदूत एक घड्याळ असतं, ते सकाळच्या उजेडावर लागतं आणि दिवस लहान-मोठा होतोय हे धरून चालतं. तुमचं इतकं नेमकं आहे याचं मलाही नवल वाटतंय. मी विचारलं, म्हणजे ही नुसती सवय की आणखी काही? निरोप कुठल्या वाटेनं आला एवढंच यंत्राला कळतं, म्हणाल्या, निरोपात काय आहे ते त्यावर लिहिलेलं नसतं. झालं. सव्वा लाखाचं यंत्र, आणि ऐनवेळी हात वर.

मी फोन ठेवला तेव्हा त्रिशला समोरच उभी होती. मला वाटलं ती विरघळली असेल. बायका अशा गोष्टींनी विरघळतात असं माझं आपलं मत. तर ती संतापली होती.

"अकरा वर्षं मी दिवस बुडायच्या आत धावत आले," ती म्हणाली. "माहेरी संध्याकाळ काढली नाही. कुणाच्या लग्नात थांबले नाही. आता कुठं सुटले म्हटलं, तर तुमचा दाणा मला परत बोलवायला लागला."

"मी कुठं बोलावतोय?" मी म्हटलं.

"तेच तर. तुम्ही कुठं बोलावताय."

मी बावळटासारखा तो पुठ्ठा उलटा-सुलटा करत राहिलो. ती आत गेली, आणि थोड्या वेळानं तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला. बेळगावचं या वर्षी जमणार नाही, ह्यांच्या डोळ्याचं जरा नाजूक आहे, असं ती बहिणीला सांगत होती. आवाज अगदी साधा होता. डबा घेऊन गेटवर यायची तेव्हा असायचा तसाच.

दुसऱ्या दिवसापासून ती खरोखर गेटवर यायला लागली. जेल नव्हतं, घालायचं काही नव्हतं. मी मुकाट जेवायचो, ती उभी राहायची, मोबाईलवर आलेख बघायची आणि डबा घेऊन जायची. पिवळी रेघ बंद झाली. एकदाही आली नाही. डोळ्याचे ठिपकेही कमी व्हायला लागले. डॉक्टरबाई म्हणाल्या, सापडलं बघा कारण, आता काही जाळायला नको. बंडू खूश, कापड कोरडं. सगळ्यांचं सगळं भागलं होतं आणि मला रात्रीचं जेवण जाईना. म्हणजे सकाळचं. आम्ही रात्री जेवतच नाही. बघा, इतका गोंधळ झाला होता माझा.

कारण त्या उभ्या असलेल्या बाईचं तोंड मला दिसत होतं. त्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. आठव्या दिवशी तिनं डबा बंद करता करता सांगितलं की बेळगावला चुलीऐवजी वाफेवरची मोठी भांडी बसवली आहेत, साठ माणसांचा भात वीस मिनिटांत होतो. एवढंच बोलली. मी रात्रभर विचार केला. मला ती हवी आहे का तिची वेळ हवी आहे? माया म्हणतात ती ही का? असेल तर इतकी वर्षं ती कुठं लपून बसली होती, आणि नसेल तर मी भरल्या मिलमध्ये कशासाठी रडत होतो? एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नाही. एक मात्र स्वच्छ दिसत होतं. ही बाई माझ्यासाठी थांबली नव्हती, एका पिवळ्या रेघेसाठी थांबली होती. ती रेघ परत यायची भीती असेपर्यंत ती हलणार नव्हती, आणि मला बाकी काही कळत नसलं तरी हे बरोबर नाही एवढं कळत होतं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी कामावर लवकर बोलावलंय सांगून मी सकाळीच मिरजेला गेलो. डॉक्टरबाईंनी तीनदा विचारलं, कारण सापडलंय, मग जाळायचं कशाला? मी म्हटलं, सही कुठं करायची सांगा. सात मिनिटं लागली. दुखलं नाही. यायच्या वाटेवर मी मुद्दाम वाईट वाईट आठवून बघितलं, आईचं जाणं, धाकट्या भावाचा अपघात. छाती भरून आली आणि सगळं तिथंच थांबलं. डोळे आपले छान, ओलसर, शांत. फार विचित्र वाटलं ते. शिंक येता येता राहावी तसं.

घरी येऊन तिला सांगितलं. तिच्या मोबाईलमधून तो आलेखही काढून टाकला. मला न विचारता का केलंत, म्हणून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरची बॅग काढली. बेळगावला काय कळवलं, कधी कळवलं, मी विचारलं नाही.

भाऊबीज झाली आणि सकाळच्या नऊच्या गाडीला मी तिला सोडायला स्टँडवर गेलो. नवी विजेची एसटी, आवाज नाही, धूर नाही. बॅग वर ठेवून मी खाली आलो. ती दारातच उभी राहिली, आत जाईना. माझ्याकडं बघत राहिली, एका डोळ्यात, मग दुसऱ्या डोळ्यात. मी कापड बघतो तसं बघत होती.

"आता मला कळायचं कसं?" ती म्हणाली.

कंडक्टर चला चला म्हणत होता. मागं एक बाई पोराला घेऊन खोळंबली होती. आता अशा ठिकाणी माणूस काय बोलणार? तीस वर्षं मी खुणा करत आलोय, बोलायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

"तू जाऊ नयेस असं मला वाटतंय," मी म्हटलं. "फार वाटतंय. तरी जा."

ती आत जाऊन खिडकीशी बसली. मी बाहेर तिच्या समोर उभा राहिलो, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की अकरा वर्षं रोज जेलच्या वेळी मी मान मागं टाकून आभाळ बघत होतो. माझ्या डोळ्यावर वाकलेलं हिचं तोंड कसं असायचं, ते मला माहीतच नाही.

गाडी सुटली. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. तिला दाणा नाही, आलेख नाही. ते खालचं की वरचं, मला सांगणारं कुणी नव्हतं. धूळ गेली असेल म्हणावं, तर खिडकी बंद होती.